बिननांगराचं वावर

ट्रॅक्टर वावराच्या तोंडाशी आलं, जागेवरच घरघरलं अन् तिथूनच माघारी वळायला लागलं. रुख्मिणी पदर खोचून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी होती. तिला आधी वाटलं, बंडू नांगर नीट लावायला वळवतोय. पण चाकं पांदणीला लागली तशी ती धावत आडवी गेली.

"कावून रे बंडू? कुठी चालला? नांगर त टाक खाली!"

बंडूनं इंजिन बंद केलं नाही. खाली पाहत म्हणाला, "काकू, मालकाचा फोन आला आत्ता. म्हन्ते, त्या वावरात चाक घालू नको."

"चाक घालू नको म्हंजे? आठ दिवसांपासून तू मले आज येतो, उद्या येतो करून राहिला. आज माहा नंबर हाये ना?"

"मले काय इचारता? मी नुसता बसनारा. चाबी त्याच्या खिशात."

ट्रॅक्टर धूर सोडत गेलं. मृग लागून चार दिवस झाले होते. एक सर येऊन गेलेली, ढग मूर्तिजापूरच्या बाजूला काळे होऊन बसलेले. सारं पिंपळटेक गाव नांगरून, वखरून मकेच्या पेरणीला तयार होतं आणि रुख्मिणीचं अडीच एकर वावर तसंच पडलं होतं. मागच्या साली सोयाबीनसाठी पाडलेले रुंद बेड, त्यावरच नंतर घेतलेला हरभरा, अन् आता दोन्हीची धसकटं. म्हाताऱ्याच्या हनुवटीवर चार दिवसांचे खुंट वाढावेत तसं ते वावर दिसत होतं.

चाबी ज्याच्या खिशात होती तो उत्तमराव. गावात पाच ट्रॅक्टर. दोन त्याचे, तीन त्याच्या भावकीचे. रुख्मिणीच्या वावराला लागूनच त्याचं नऊ एकर. मधून पांदण जाते. जाते म्हणजे, पूर्वी जायची. पंधरा वर्षांत उत्तमरावाच्या नांगरानं ती दर साली वीतवीत खाल्ली, अन् शेवटी बैलगाडी जायची वाट शेळी जाईल एवढी उरली. मागच्या हिवाळ्यात मोजणीवाले आले. पांदण कुठून होती म्हणून त्यांनी गावातल्या दहा माणसांना विचारलं. दहाही जण आपापल्या चपलांकडे पाहत राहिले. तेव्हा रुख्मिणी पुढं झाली. "मी लगन होऊन आली तवा आमचा छकडा या दगडापाशी उलटला होता. माहं कपाळ फुटलं. हे पाहा त्याची खून. दगड तुमच्या वावरात हाये, उत्तमराव, सरकून नाही आला."

पांदण मोकळी झाली. उत्तमरावाच्या उभ्या तुरीच्या दोन ओळी आडव्या पडल्या. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. अन् उत्तमराव बोलत नाही तेव्हाच त्याला भ्यायला पाहिजे, हे गावात लहान पोरालाही माहीत होतं.

ट्रॅक्टर परत गेलं त्या संध्याकाळी रुख्मिणी चौकात गेली. तिचा नवरा जानराव गरीब गाय. तो म्हणाला होता, "जाऊ दे, मी हात जोडून पाहतो." ती म्हणाली, "तुमचे हात जोडून जोडून तळवे गुळगुळीत झाले. तुमी बसा."

उत्तमराव चहाच्या टपरीसमोर खुर्ची टाकून बसलेला. भोवती सात-आठ जण.

"माह्या वावरात नांगर कावून नाही घातला, उत्तमराव?"

त्यानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, मग वर पाहिलं. "जिभेनं पांदण काढली ना तू? आता जिभेनंच वावर नांगर."

सगळे हसले. तिच्या निंदणाऱ्या टोळीतल्या कौशल्याचा नवराही हसला. तो मग मान खाली घालून राहिला, पण हसला.

रुख्मिणी गावातल्या निंदणाऱ्या बायांची म्होरकी. बावीस बाया तिच्या शब्दावर कामाला जात. तोंडानं फटकळ, हातानं चलाख. पण त्या दिवशी चौकातून परतताना तिच्या तोंडून शिवी निघाली नाही. घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापल्या. एक भाकर तव्यावर जळून कोळसा झाली तरी तिला कळलं नाही. जानरावानं चिमट्यानं ती काढली अन् बाजूला ठेवली.

"याचे दात याच्याच घशात घालीन," ती तव्याकडे पाहत म्हणाली. "नाही घातले त जानरावची बायको नाही सांगायची."

गावात बैलजोड्या दोनच उरल्या होत्या. दोन्ही मालकांनी "बैल थकले" सांगितलं. बैल गोठ्यात मजेत रवंथ करत होते.

दोन दिवसांनी तेल्हाऱ्याकडून तिचा मामा आला. बुधाजी मामा सत्तरीचा, काटकुळा, जन्मभर तिफणीमागं चाललेला माणूस. त्यानं सारं ऐकलं, सुपारी कातरली अन् म्हणाला, "चाल, वावर दाखव."

वावरात जाऊन तो बेडवर उकिडवा बसला. हरभऱ्याचं एक खोड धरलं, भोवती बोट खुपसलं. बोट आत गेलं. वरची काडी बाजूला सारली तर खाली माती काळीशार ओली. शेजारी उत्तमरावाच्या नांगरलेल्या ढेकळांत मूठ घातली, तर वरची माती कोरडी, हातातून सरसर वाहिली.

"पोरी, तुह्यावर त्यानं उपकार केला," बुधाजी म्हणाला.

"चेष्टा नका करू मामा. माहं डोकं आधीच भनकलं."

"चेष्टा नाही. नांगरूच नको. बेड तयारच हायेत. हे धसकटं राहू दे अथीच. सोयाबीनच्या मुया सडल्या, त्यायच्या जागी भोकं झाले. त्या भोकातून पानी खाली जाईन अन् मक्क्याची मुई बी जाईन. उगोलेलं तन तेवढं फवारून मार. मंग दोरी लावून टोकन कर. बेडाच्या दोन अंगांले दोन वळी, ईतभर अंतरावर एक दाना, बोटाचे दोन पेरं खोल. खत दान्यापासून चार बोटं दूर."

"अन् नाही आली त?"

"येईन. पन एक आयकून ठेव. पयले वीस-पंचवीस रोज तुही मक्का त्याच्यापरीस बारकी राहीन, पिवळी राहीन. कुजनारी काडी आधी सोता खाते, मंग पिकाले देते. म्हनून पयलं खत जरा वाढवून दे. लोक हासतीन. तवा वावर सोडून पयू नको."

"हासू दे," रुख्मिणी म्हणाली. "हासनाऱ्यायचे दात मोजून ठेवतो मी."

तणनाशक फवारलं. मग चांगला पाऊस झाला, वाफसा आला, अन् तिच्या टोळीतल्या आठ बाया काठ्या घेऊन वावरात उतरल्या. दोरीला वीतवीत अंतरावर गाठी. एकीनं काठीनं भोक करायचं, दुसरीनं दाणा टाकायचा, टाचेनं दाबायचं. कौशल्या रुख्मिणीच्या जोडीला होती. तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "माह्या मानसानं त्या दिवशी हासाले नव्हतं पायजे वं."

"दाना टाक," रुख्मिणी म्हणाली. "तुह्या मानसाचं मंग पाहू."

उत्तमरावाची पेरणी वाजतगाजत झाली. एका बियाणं कंपनीनं त्याचं वावर दाखवायला निवडलं होतं. पांदणीच्या कडेला मोठ्ठा बोर्ड लागला. दोन वेळा नांगर, तीन वेळा रोटाव्हेटर, गावच्या भाषेत रोटर. शेवटचा रोटर तर चिखल वाळायच्या आधीच मारला, कारण कंपनीच्या माणसाला फोटो काढायचे होते. माती रव्यासारखी बारीक झाली. वावर असं सपाट की त्यावर पाट मांडून जेवायला बसावं. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं एका दिवसात नऊ एकर पेरून झालं.

बुधाजी बोलला तसंच झालं. वीसेक दिवसांनी उत्तमरावाची मका गुडघ्याला टेकायला आली, पानं गर्द हिरवी. रुख्मिणीची वीतभर, फिकट, काड्यांतून माना काढणारी. येणारा-जाणारा पांदणीवर थांबायचा. कुणी म्हणायचं, "वावराले कावीळ झाली काय वं?" उत्तमराव मोटारसायकल थांबवून मोठ्यानं म्हणायचा, "जानराव, बायकोले सांग, मक्का हाये ते, हळद नाही!"

जानराव रात्री कूस बदलत राहायचा. रुख्मिणी मात्र रोज पहाटे वावरात जाऊन पोंग्यापोंग्यात डोकावायची, अळी चिमटीत धरून टाचेखाली रगडायची, अन् प्रत्येक अळीला एकाच माणसाचं नाव द्यायची. त्या हंगामात तिनं उत्तमरावाला किती हजार वेळा मारलं असेल, देव जाणे.

मग जुलैत आभाळ फाटलं. तीन दिवस, तीन रात्री. नाल्याचं पाणी पांदणीला लागलं. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा रुख्मिणी चिखल तुडवत गेली. तिच्या बेडांमधल्या सऱ्यांतून पाणी झुळझुळ नाल्याकडं चाललं होतं. मकेचे पाय वर, कोरड्यात. अन् पलीकडं उत्तमरावाच्या नऊ एकरांचं तळं झालेलं. रव्यासारखी ती माती पाण्यानं विरघळली अन् मग सिमेंटासारखी बसली. वर पापुद्रा आला, त्याला भेगा पडल्या. मकेची खालची पानं जांभळट-पिवळी व्हायला लागली.

रुख्मिणी धुऱ्यावर उभी राहून ते पाहत राहिली. देवळात गेल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झाला होता.

ऑगस्टात उलटं झालं. पावसानं वीस दिवस तोंड दाखवलं नाही. उत्तमरावाची मका दहा वाजताच पानं सुरळीसारखी गुंडाळून घ्यायची. रुख्मिणीच्या वावरात काडीखाली ओल टिकून होती. तिची मका आता तिच्या डोक्याच्या वर गेली, पानं तळहाताएवढी रुंद झाली, तुरे बाहेर पडले. पांदणीवर थांबणारे आता बोलत नव्हते. नुसते पाहायचे, अन् निघून जायचे.

सप्टेंबर लागला. कंपनीचा कार्यक्रम ठरला. शेतकऱ्यांना मका दाखवायची, भाषणं व्हायची, उत्तमरावाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा. पहिला कंपनीवाला बदलून गेला होता अन् योगेश नावाचा नवा साहेब आला होता. त्यानं ते वावर कधी पाहिलंच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी रुख्मिणीच्या टोळीला पलीकडच्या गावात निंदणाचं काम होतं. काम उत्तमरावाच्या पुतण्यानंच लावून दिलेलं. रुख्मिणी सकाळी म्हशीला गवत कापायला वावराकडं गेली अन् पांदणीवर जागच्या जागी थांबली.

बोर्ड तिच्या वावरात उभा होता. उत्तमरावाचं नाव, गट नंबर, कंपनीचा शिक्का, सारं. खाली माती ताजी उकरलेली. मांडवाचे बांबूसुद्धा तिच्याच बाजूला.

ती धापा टाकत घरी आली. जानरावानं ऐकलं तसा तो पहिल्यांदाच चिडला. "मी उपटून फेकतो तो बोर्ड! आत्ता जातो!"

तिनं त्याचा हात धरला. "अजाबात नाही. राहू द्या. त्याले बोलू द्या."

"अवं पन लोकायले वाटन का ते त्याचं..."

"वाटू द्या थोडा वेळ. मानूस माडीवर चढला नाही त पडन कसा? तुमी फक्त कुदळ घेऊन मांगं उभे राहा."

मग ती टोळीच्या बायांकडं गेली. "आज निंदन नाही. आज चांगले लुगडे नेसा. भाषन आयकाले जायचं हाये."

अकरा वाजता मांडव भरला. तालुक्यातून शे-दीडशे शेतकरी आले. कृषी सहायक आकांक्षा मॅडम आल्या, नुकत्याच रुजू झालेल्या, पायात गमबूट. योगेश साहेबांनी मका पाहून तोंडात बोट घातलं. "वा उत्तमराव! याला म्हणतात मेहनत!" फोटो निघाले. उत्तमरावानं रुख्मिणीच्या कणसावर हात ठेवून फोटो काढून घेतला. गावकऱ्यांना सारं कळत होतं. पण दहाही जण पुन्हा चपलांकडेच पाहत होते.

उत्तमराव माईकसमोर उभा राहिला तेव्हा बावीस बाया मांडवात शिरल्या अन् पुढच्या सतरंजीवर येऊन बसल्या. मधोमध रुख्मिणी. त्याची जीभ क्षणभर अडखळली. पण माणूस एकदा माईक हातात घेतला की सोडत नाही.

"त मंडळी, मक्का अशी फुकट नाही येत. दोन खेपा नांगर मारला. तीन खेपा रोटर. माती रव्यावानी केली. काही आळशी लोक असतेत, त्यायले नांगर परवडत नाही, मंग ते..."

"साहेब, एक इचारू?" रुख्मिणी उभी राहिली.

"बायांनी कार्यक्रम झाल्यावर इचारा," उत्तमराव घाईनं म्हणाला.

"विचारू द्या ना," योगेश साहेब म्हणाले. "महिला शेतकऱ्यांनी बोललंच पाहिजे."

"उत्तमराव, तीन खेपा रोटर मारला म्हन्ता, त मांगच्या साली इथी सोयाबीन होतं, त्याचे धसकटं कुठी गेले?"

"चुरा झाले. मातीत मिसळले. रोटर कायले असते?"

"एकबी नाही राह्यलं?"

उत्तमरावाच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं मोठ्यानं हसून लोकांकडं पाहिलं. "अवं बाई, एक धसकट काढून दाखव, हे वावर तुह्या नावावर करून देतो!"

मागून कौशल्याचा नवरा खो खो हसायला लागला. त्याला आवरेना. त्याच्याबरोबर दुसरा, मग तिसरा. सारं पिंपळटेक पोट धरून हसायला लागलं. बाहेरगावचे शेतकरी एकमेकांकडं पाहत राहिले.

"काय झालं?" आकांक्षा मॅडमनी विचारलं.

"मॅडम," रुख्मिणी म्हणाली, "हे वावर माह्याच नावावर हाये. सातबारा पाहून घ्या. पन सातबारा कायले, माती इचारून पाहा. आणा वो कुदळ!"

जानराव कुदळ घेऊन पुढं आला. मॅडम स्वतः बेडवर उतरल्या. पालापाचोळा सारला तसं सोयाबीनचं खोड दिसलं. ओळीनं, जिथं होतं तिथं, मुळासकट. मग दुसरं. मग हरभऱ्याचं. "इथे नांगर काय, साधा वखरही चाललेला नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी मकेचं एक झाड खणून काढलं. मुळ्या हातभर खाली गेलेल्या, सोयाबीनच्या कुजक्या मुळांच्या भोकांतून उतरलेल्या, झाडूसारख्या भरगच्च. माती उचलली तर त्यात गांडूळ वळवळलं.

"आता चाला," रुख्मिणी म्हणाली. "आता उत्तमरावची मेहनत पाहू."

उत्तमराव मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. "साहेब, जेवन तयार हाये, आधी जेवून..." पण दीडशे माणसं पांदण ओलांडून निघाली होती.

त्याच्या वावरात कुदळ वीतभर आत गेली अन् टण्णकन वाजली. झाड उपटून निघालं. मुळ्या वीतभर खाली जाऊन आडव्या वळलेल्या, फरशीवर पसरलेल्या पाण्यासारख्या चपट्या.

"हा तवा," मॅडमनी कुदळीनं ठोकून दाखवलं. "रोटाव्हेटर दरवर्षी तेवढ्याच खोलीवर फिरतो. वरची माती पीठ होते, खालची ठोकली जाते. त्यात ओल्यात मारला की विचारूच नका. पाणी खाली जात नाही, मूळही जात नाही. नांगर वाईट नसतो, पण कुठं, कधी अन् किती, हे कळायला हवं."

शाल अन् श्रीफळ टेबलावर तसंच राहिलं. योगेश साहेब फोनवर कुणाला तरी "गैरसमज झाला सर" म्हणत गाडीकडं गेले. जाता जाता कंपनीच्या माणसांनी बोर्ड उपटून गाडीत टाकला. उत्तमराव दिसला नाही.

आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. पोरं उत्तमराव दिसला की ओरडायची, "काका, आमच्या नावावर करून देता काय वावर?"

जानराव म्हणाला, "झालं ना आता समाधान?"

रुख्मिणीनं थोडा विचार केला. "नाही झालं. जेवली, पन पोट भरलं नाही."

पोट भरायची वेळ ऑक्टोबरात आली. कणसं वाळत आली होती अन् एका दुपारी वादळ सुटलं, सोबत गारा. रुख्मिणीची मका वाकली, थोडी मोडली, पण खोल मुळांनी उभी राहिली. तिच्या बायांनी दोन दिवसांत तोडून घरी आणली. उत्तमरावाची नऊ एकर चटईसारखी लोळली. त्यात पाऊस थांबेना. काळ्या चिखलात यंत्र शिरेना, शिरलं तरी आडव्या मकेत चालेना. एकच उपाय होता, बायांनी हातानं कणसं वेचायची. अन् बाया रुख्मिणीच्या शब्दावर होत्या.

पाच ट्रॅक्टर जसे थांबले होते तशा बावीस बाया थांबल्या. पुतण्या दुप्पट मजुरी देतो म्हणून दारोदार फिरला. बाया म्हणाल्या, "कंबर दुखते." तिसऱ्या दिवशी कणसांवरच मोड फुटले. चिखलात पडलेल्या कणसातून हिरवे कोंब वर आले. रुख्मिणी रोज धुऱ्यावर जाऊन ते पाहून यायची.

चौथ्या दिवशी दीपमाला दारात आली. उत्तमरावाची बायको. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, बोटं कणसाच्या टरफलांनी चिरलेली. ती एकटीच दोन दिवस वेचत होती.

"ये, बस," जानराव म्हणाला.

दीपमाला बसली नाही. "रुख्मिनीबाई, मी माफी मांगाले नाही आली. ज्यानं केलं त्यानं मांगावी. मी बाया मांगाले आली."

"तुह्या मानसानं मले जिभेनं वावर नांगराले सांगतलं होतं."

"मले मालूम हाये. घरी त तो रोजच असा बोलते. तुले एक खेप बोलला, मी तीस वर्षांपासून आयकून राहिली."

दीपमालाच्या बोटांकडं रुख्मिणीला पाहायचं नव्हतं, पण नजर तिथंच जात होती. शेवटी ती म्हणाली, "उद्या सकाई बाया येतीन. मजुरी रोजचीच, दुप्पट नको. पन कनसं वेचाची एक पात उत्तमरावची राहीन. तो सोता वाकला पायजे. अर्ध्यात उठला त आमी बी उठू."

"तो नाही वाकनार."

"मंग मक्का उगू दे."

सकाळी बावीस बाया वावराच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. कुणीही आत पाय ठेवला नाही. आठ वाजले. नऊ वाजले. मग पांदणीवरून उत्तमराव येताना दिसला. पायी. खांद्यावर पोतं. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही, शेवटच्या पातीवर जाऊन उभा राहिला, पोतं चिखलात टेकवलं अन् वाकला. तेव्हा रुख्मिणीनं पाऊल आत टाकलं. तिनं मुद्दाम त्याच्या शेजारची पात धरली.

ती पुढं, तो मागं. "हे राह्यलं," ती न वळता म्हणायची. "ते पालथं कनीस राह्यलं, उचला." तो मागं वळून उचलायचा. दुपारपर्यंत त्याचा श्वास तिला मागून ऐकू येत होता, थकलेल्या बैलासारखा. त्या श्वासानं तिला जेवढं बरं वाटलं तेवढं त्या मांडवातल्या हसण्यानंही वाटलं नव्हतं. बाया पाणी प्यायला उठल्या तरी ती उठली नाही, कारण ती उठली असती तर तोही उठला असता.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो मागून हळूच बोलला. "वैनी... पुढच्या साली मले बी बेड पाडाचे हायेत. त्या तव्याचं काय कराव?"

रुख्मिणी थांबली. त्याच्याकडं वळून पाहिलं. मिशांवर चिखल, डोळे लाल. तिला उत्तर माहीत होतं. बुधाजी मामानं तिला सगळं सांगितलं होतं, कोणत्या महिन्यात, किती खोल, काय पेरून.

"मॅडमले इचारा," ती म्हणाली. "मले नका इचारू. माहा राग अजून उतरला नाही."

अन् ती पुन्हा वाकली, पुढच्या कणसाला हात घातला. मागून कणीस पोत्यात पडल्याचा आवाज आला.